माध्यम, निकाल आणि शेरा

ब्रूनो हा तात्यांचा कुत्रा नव्हे. हे तात्या कोणालाही, तो गेटच्या आत यायच्या आधीच, सांगून टाकतात. कुत्रा चिरंजीवांचा आहे. चिरंजीव टोरांटोला आहेत. कुत्रा रत्नागिरीला आहे. मधल्या मजकुराबद्दल तात्यांचं काही म्हणणं नाही.

तात्यांचं पूर्ण नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तात्या एकटे नाहीत. नाचणे रोडला एक आहेत, शिवाजीनगरात दोन-तीन सापडतील, कुवारबावच्या नव्या वसाहतीत तर गल्लीला एक पडतो. जांभ्याचं कंपाउंड, दारात एक हापूसचं कलम, मागे फणस, पोर्चमध्ये आच्छादन घातलेली मोटार आणि तिच्या पुढच्या चाकाला पाठ लावून पडलेला तीस-बत्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर. मुलगा पुण्याला नोकरीला असताना हौसेने पिल्लू घेतो, मग परदेशी जायचं ठरतं, आणि एका मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायला आलेल्या गाडीतून कुत्रा खाली उतरतो. "सहाच महिने, बाबा. सेटल झालो की नेतो." पेट्या पुण्याला जातात, कुत्रा राहतो. आमच्या तात्यांच्या बाबतीत त्या सहा महिन्यांना आता पाचवं वर्ष लागलं आहे.

रत्नागिरीला याची सवय जुनी. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला. राजवाडा बांधून मिळाला १९१० साली, म्हणजे चोवीस वर्षांनी, आणि मधला बराच काळ भत्ता पुरत नाही म्हणून सरकारला अर्ज लिहिण्यात गेला. तीस वर्षं हद्दपार राजा सांभाळलेल्या गावाला परदेशी गेलेल्या मुलाचा कुत्रा सांभाळणं जड जाऊ नये. मात्र राजा आजारी पडला तर त्याला औषधाचं कारण समजावून सांगता येतं.

तात्यांच्या वडिलांकडेही कुत्रा होता. म्हणजे दारात होता. घराचा कुत्रा आणि घरातला कुत्रा यांच्यात कोकणात पूर्वी पुष्कळ अंतर असे, आणि ते अंतर कुत्राही पाळत असे. त्याने वानरांवर भुंकायचं, रात्री खळ्यात झोपायचं, उरलासुरला भात खायचा आणि बिबट्याचा वास आला की पडवीत येऊन गप्प बसायचं. आजारी पडला तर तो गवत खाई आणि लाकडांच्या माचाखाली जाऊन पडे. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तर बरा झाला, नाही आला तर नाही झाला. औषध, पथ्य, रक्ततपासणी असलं काही नव्हतं. "आमच्या मोत्याला आयुष्यात एक गोळी दिली नाही," असं तात्या अभिमानाने सांगतात. मोत्या किती वर्षं जगला हे मात्र सांगत नाहीत.

तात्या जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात गेली. राजापूरपासून मंडणगडपर्यंत तात्यांचा आक्षेप ज्याला लागला नाही असा ग्रामसेवक त्या काळात विरळा. अकरा वर्षांपूर्वीच्या सिमेंटच्या पोत्यांची पावती त्यांनी कुठल्याशा पेटाऱ्यातून काढायला लावल्याची गोष्ट अजून सांगतात. समोरच्याने गिळलेलं बाहेर काढणं हे तात्यांचं आयुष्यभराचं काम. समोरच्याला गिळायला लावण्याचा अनुभव त्यांना नव्हता.

तो प्रसंग आला गेल्या पावसाळ्यात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या दमट हवेत माणसं सोडून बाकी सगळं जोमाने वाढतं. त्यात गोचीड आली. ती कुत्र्याच्या कानात बसते, बोटांच्या बेचक्यात बसते, आणि नुसतं रक्त पिऊन भागत नाही म्हणून ताप देऊन जाते. एका सकाळी ब्रूनोने अर्धी आंबोळी टाकली. लॅब्रॅडॉरने अन्न टाकणं ही त्या घरात न घडलेली गोष्ट. काकूंनी देवापुढे दिवा लावला, तात्यांनी मोटारीचं आच्छादन काढलं.

डॉक्टर तरुण. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले. ते महाविद्यालय १८८६ सालचं, म्हणजे थिबा रत्नागिरीत उतरला त्याच सालचं. तिथे गाय, बैल, घोडा, कुत्रा सगळं शिकवतात, कुत्र्याचा मालक शिकवत नाहीत. तो धंद्यात पडल्यावर शिकावा लागतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट खाली आलेल्या होत्या. "गोचीडताप आहे तात्या. डॉक्सीसायक्लिन. रोज सकाळी एक गोळी, अठ्ठावीस दिवस. मध्ये बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. रिकाम्या पोटी द्यायची नाही. आणि कोरडी तर मुळीच नाही, अन्ननलिकेत चिकटली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. वरून पाणी किंवा चार घास गेले पाहिजेत."

"दुधातून चालेल?"

"दूध, दही, पनीर, चीज काही नको. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही."

म्हणजे पेढा गेला. पेढ्यातून कुत्र्याला विष दिलं तरी तो खाईल अशी तात्यांची समजूत होती. तिच्यावर पहिल्याच दिवशी पाणी पडलं.

डॉक्टरांनी गोळी देऊन दाखवली. डाव्या हाताने वरचा जबडा धरला, ओठ दातांवर आत दुमडले, उजव्या हाताने खालचा जबडा उघडून गोळी जिभेच्या उंचवट्यापलीकडे ठेवली, तोंड मिटलं, गळ्यावरून दोनदा हात फिरवला. ब्रूनोने नाकावरून जीभ फिरवली. "जीभ नाकावर आली की समजायचं, गोळी गेली," डॉक्टर म्हणाले. या सगळ्याला तात्यांना चष्मा पुसायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तात्यांनी मान डोलावली. "म्हणजे ती पोच झाली," ते म्हणाले.

घरी आल्याबरोबर तात्यांनी लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. दिनांक, वेळ, माध्यम, निकाल, शेरा. ही वही मी पाहिली आहे. तात्या ती कोणालाही दाखवतात, नको म्हटलं तरी दाखवतात. कुत्र्याच्या आजाराविषयी मराठीत एवढं चोख लेखन दुसरं झालेलं नसावं.

पहिली नोंद आंबोळीची. आंबोळीची घडी, घडीत गोळी. "आंबोळी स्वीकृत. गोळी अस्वीकृत. सोफ्याखाली आढळली. शेरा: कोरडी." हा 'कोरडी' शब्द तात्यांनी दोनदा अधोरेखित केला आहे. आंबोळीच्या आत बसलेली गोळी ओली न करता बाहेर काढणं ही किरकोळ गोष्ट नाही, आणि कसब कोणाचंही असो, तात्या त्याची नोंद घेतात.

दुसऱ्या दिवशी तूपभात. मऊ भात, वर घरच्या तुपाची धार. घरचं तूप म्हणजे बहुतेक सगळा स्नेहच, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, हे तात्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं होतं. ब्रूनोने भाताचं शीत न् शीत खाल्लं, ताटली चाटून लख्ख केली आणि निघून गेला. ताटलीच्या मधोमध गोळी होती. "तुम्हाला ठेवली असेल," काकू म्हणाल्या. मग तुपाच्या वाटीत गोळी बुडवून तात्या त्याच्यामागे परसात गेले. विहीर, फणस, पुन्हा विहीर असं चाललेलं बघून काकू पडवीतून म्हणाल्या, "नामदेव महाराजसुद्धा असेच तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले हो."

"त्यांच्या वाटीत गोळी नव्हती!" तात्या विहिरीपलीकडून ओरडले.

केळं झालं. कुळथाचं पिठलं झालं. सगळ्यांचे निकाल एकाच अक्षरात आहेत. मग तात्यांना फणस सुचला, आणि इथे त्यांच्या बुद्धीला मानलं पाहिजे. जूनअखेर, परसातला शेवटचा बरका पिकून पडायला आलेला. बरक्याचा गरा मुळात बुळबुळीत, चावायचा नसतोच, तोंडात टाकला की आपण होऊन खाली जातो. त्यात आठळीसाठी निसर्गाने जागा केलेलीच असते. आठळी काढायची, गोळी घालायची. तात्यांनी हा गरा तयार केला, चारी बाजूंनी बघितला आणि आपल्या नोकरीत अशी चोख अफरातफर एकाही ग्रामसेवकाला साधली नव्हती असं समाधान त्यांच्या तोंडावर आलं. ब्रूनोने गरा तोंडात घेतला. घशाची हालचाल झाली. नाकावरून जीभ फिरली. तात्यांनी वहीत 'स्वीकृत' लिहिलं, खाली रेघ मारली. संध्याकाळी काकूंना तुळशीवृंदावनाच्या मागे एक गोळी मिळाली.

नोंद खोडायची नाही हा तात्यांचा नोकरीतला नियम. त्यांनी लाल शाईने खाली लिहिलं: "पोच मिळाली. माल पोहोचला नाही."

हीच खरी मेख होती. नाकावरून जीभ फिरवली की माणसं खूश होतात, पाठ थोपटतात, बिस्किट देतात, हे ब्रूनोच्या ध्यानात आलं होतं. तो गोळी गालाच्या खोबणीत सरकवायचा, नाक चाटायचा, बिस्किट खायचा आणि मग सवडीने, कोणी बघत नसताना, गोळी कुठेतरी ठेवून यायचा. माल न घेता पोच द्यायला तो शिकला होता. आयुष्यभर खोट्या पावत्या पकडलेल्या माणसाच्या घरात हे चालावं, हे तात्यांना फार लागलं. त्यांनी त्या दिवसापासून ब्रूनोला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. तात्या चिडले की असेच करतात. "या. बसा. तोंड उघडा. मागच्या गोळीचं काय केलंत ते सांगा."

डॉक्टरांची जबड्याची पद्धत घरी का चालत नाही, याचं उत्तर मला तात्यांकडे बघून मिळालं. डॉक्टर गोळी देतात. तात्या आधी भूमिका मांडतात. "हे बघ, तुझ्याच भल्याचं आहे. पुढे नाकातून रक्त येतं यात. मला काय हौस आहे?" एवढं होईतो ब्रूनोने दात मिटलेले असतात, आणि लॅब्रॅडॉरने मिटलेले दात उघडायला दोन माणसं लागतात, ज्यांतला एक तात्या नसावा. उदाहरण घालून देण्यासाठी एकदा त्यांनी आपली रक्तदाबाची गोळी त्याच्यासमोर घेऊन दाखवली. "बघ, मी घेतो की नाही?" ब्रूनो उठला, जवळ आला आणि तात्यांच्या हातातल्या पाकिटाकडे लाळ गाळत बघू लागला. ती गोळी त्याच्यासाठी नव्हती ना. काकू म्हणाल्या, "अहो, त्याला तुमची द्या आणि तुम्ही त्याची घ्या." तात्यांनी त्या दिवसापासून घरातली सगळी औषधं वरच्या कपाटात ठेवली, हे मात्र शहाणपणाचं केलं.

शास्त्र तात्यांनी वाचून ठेवलं आहे. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या नऊ हजारांच्या आसपास, कुत्र्याच्या जिभेवर सतराशे. उलट गंध टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. तात्यांचा निष्कर्ष असा: "ह्याला चव कळत नाही, हेतू कळतो." मला हा निष्कर्ष बरोबर वाटतो. गोळीचा वास तर येतोच, पण गोळी हातात घेतलेल्या माणसाचं चालणं बदलतं, आवाज गोड होतो, आणि जो माणूस एरवी 'मेल्या, सरक तिकडे' म्हणतो तो 'ब्रूनोबाळ' म्हणायला लागतो. कोण विश्वास ठेवील?

काकूंची पद्धत निराळी होती. त्यांनी 'ब्रूनोबाळ' म्हटलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. ओट्याशी पोळ्या लाटताना कणकेचा शिजवलेला एक गोळा त्यांच्या हातून 'चुकून' खाली पडला. स्वैपाकघरात चुकून पडलेली वस्तू कुत्रा तपासत नाही, कोणी उचलायच्या आत गिळतो. वहीत ओळीने 'स्वीकृत' पडू लागले. तात्यांनी शेऱ्यात लिहिलं, "कार्यपद्धती नियमबाह्य, परंतु परिणामकारक." पण काकूंच्या हातून आजवर कधी काही खाली पडलेलं नाही, हे त्या घरात ब्रूनोइतकं कोणाला ठाऊक असणार? थोड्याच दिवसांत कणकेचा गोळा खाली पडला की तो बाजूला होऊन वाट बघू लागला.

मग सल्लागार आले. संध्याकाळी थिबा पॉइंटला या सगळ्या तात्यांची बैठक असते. चिरंजीवांचे कुत्रे कठड्याशी बांधलेले आणि वडील बाकावर. पूर्वी या वयाची माणसं भेटली की पेन्शन आणि गुडघे निघत. आता "तुमच्याकडे काय चालू आहे?" "आमच्याकडे अमॉक्सिसिलिन. तुमच्याकडे?" अशी विचारपूस होते. मेट्रोनिडाझोल चालू असलेल्या घराबद्दल सगळ्यांना सहानुभूती वाटते, कारण ती गोळी इतकी कडू की तुटली तर कुत्रा दिवसभर तोंडाला फेस आणून हिंडतो. एकाने सांगितलं, मधात खला. दुसऱ्याने सांगितलं, पीनट बटर. त्यावर तिसऱ्याने डबा वाचायला सांगितला, कारण साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असलं तर कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन उतरते, जिवावर बेततं. चौथा म्हणाला, कशाला एवढं, तापच आहे ना, घरातली तापाची गोळी द्या चतकोर. तेव्हा तात्यांचा आवाज चढला. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही आपल्या घरातली अगदी साधी औषधं, पण कुत्र्याचं यकृत, पोट आणि मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकतं. हे डॉक्टरांनी तात्यांना बजावलं होतं आणि तात्यांनी त्या बाकावर सगळ्यांना बजावलं. तात्यांचं बाकी काहीही हसण्यावारी न्या, एवढं नेऊ नका.

एका तात्यांनी शेवटी दबक्या आवाजात सांगितलं, "मासळी."

आमच्या तात्यांचं घर शाकाहारी. काकू कांदाही चातुर्मासात आणत नाहीत, आणि चातुर्मास आठवड्यावर आलेला. शिवाय जून-जुलैची मासेमारी बंदी, म्हणजे ताजी मासळी नाहीच, सुकी. तात्या सकाळी रेनकोटची टोपी कपाळापर्यंत ओढून मिरकरवाड्याला गेले. प्लॅस्टिकच्या आडोशाला सुकी मासळी घेऊन बसलेल्या बाईंनी त्यांना त्या टोपीतही ओळखलं.

"काय तात्या, आज हिकडं?"

"सुका बांगडा द्या. एक."

"येक? येक कोन न्हेतो?"

"कुत्र्याला हवाय."

बाई हसल्या. "लाजू नका तात्या. पयल्यांदा समदे कुत्र्याचाच नाव सांगतात."

तात्यांनी गावात शब्द दिला असता तर लोकांनी मानला असता, पण कागदात गुंडाळलेला सुका बांगडा हातात असताना शब्दाला वजन राहत नाही. मीठ काढायला तो परसात वेगळ्या भांड्यात तासभर भिजवला, काटे काढले, चूल पेटवून उकडला. काकू त्या वेळात देवळात गेल्या होत्या आणि दोघांनीही तो योगायोग मानला. तात्यांच्या स्वाभिमानाला आधार एका माहितीचा होता, आणि ती त्यांनी मला फाटकातच सांगितली. स्वित्झर्लंडने १९७८ साली कोल्ह्यांना रेबीजची लस द्यायला घेतली तेव्हा ती कोंबडीच्या मुंडक्यांत भरून रानात टाकली होती. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात. आणि मग अशाच आमिषातून लस देऊन पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज हटवला. आपल्या शेजारी गोव्यात मोकाट कुत्र्यांसाठी अशाच आमिषांची चाचणी झाली. "सरकारं कोंबडीच्या मुंडक्यावर आली," तात्या म्हणाले, "मी बांगड्यावर आलो तर काय बिघडलं?"

बांगड्याने काम केलं. फार चांगलं केलं. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे लाल्या राहतो. लाल्या गावठी, कोणाचाच नाही, सगळ्यांचा. ब्रूनो बांगड्याचा वास घेऊन विचार करत होता, तेवढ्यात लाल्या कंपाउंडवरून आला, घास उचलला आणि आला तसा गेला. वहीतली ही नोंद मला सगळ्यांत आवडते: "गोळी स्वीकृत. स्वीकारणार: त्रयस्थ." डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एका गोळीने त्याला काही होणार नाही, पण सवय लावू नका. मोत्याच्या जातीचा कुत्रा औषध कसं घेतो हे तात्यांनी त्या दिवशी पाहिलं. न मागता, न विचारता, कोणाला भूमिका मांडू न देता.

आणि मग, अर्धा कोर्स उलटल्यावर, ते घडलं.

चिरंजीवांचा फोन रविवारी येतो. तो ठरलेला. पाच मिनिटं पाऊस, दोन मिनिटं रक्तदाब, मग "आईला द्या". त्या दिवशी रविवार नव्हता, पण कुत्रा चिरंजीवांचा असल्याने मूळ मालकाला परिस्थिती कळवावी म्हणून तात्यांनी आपण होऊन व्हिडिओ कॉल लावला. रत्नागिरीत सकाळचे साडेसात, टोरांटोला आदल्या रात्रीचे दहा. चिरंजीवांनी तिकडच्या पद्धतीप्रमाणे उपाय सांगितला. तीन घास तयार ठेवायचे. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा नुसता, आणि तिसरा नाकासमोर धरूनच दुसरा द्यायचा, म्हणजे पुढचा मिळावा म्हणून तो मधला चावत बसत नाही. "बाबा, फोन त्याच्याकडे करा, मी बोलतो त्याच्याशी."

"ब्रूनो! ए ब्रून्या!"

ब्रूनो उठला. शेपटी टेबलावरच्या तांब्याभांड्याला लागून ते खाली गेलं. फोनच्या पुढे बघितलं, मागे बघितलं, दारात जाऊन आला, आणि धापा टाकत, जीभ बाहेर, तोंड पूर्ण उघडं, फोनसमोर बसला. अख्ख्या आजारात ते तोंड एवढं उघडं झालं नव्हतं. तात्यांनी पहिला घास टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला, वरून वाटीभर पाणी. ब्रूनोचं लक्षच नव्हतं. त्याने काय गिळलं ते त्याला कळलं नाही. नाकावरून जीभ फिरली ती खरी होती. तात्यांनी गाल चाचपून, जीभ उचलून खातरजमा केली.

माध्यम: चिरंजीव. निकाल: स्वीकृत. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. दोनशे पानांत तेवढा एकच.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तात्यांनी पुन्हा फोन लावला. तिसऱ्या दिवशीही. रोज नुसतं "ब्रूनो, ब्रूनो" किती वेळ म्हणणार, म्हणून गोळी गेल्यावर इकडचं तिकडचं बोलणं निघू लागलं. परसातला फणस संपल्याचं, भिंतीला ओल आल्याचं, तिकडे घरमालकाने भाडं वाढवल्याचं. गोळीला अर्धं मिनिट लागे, फोन पावणेआठपर्यंत चाले. चिरंजीवांनी काकूंना विचारलं म्हणे, "बाबांना बरं आहे ना? रोज फोन करतात." काकू म्हणाल्या, "कुत्र्याचं औषध चालू आहे."

अठ्ठावीस दिवस झाले. रक्त पुन्हा तपासलं, प्लेटलेट जागेवर आल्या. डॉक्टर म्हणाले, गोळी बंद.

"एकदम बंद करायची?" तात्या म्हणाले.

"हो."

"टॉनिक वगैरे काही?"

"गरज नाही."

"पण दिलं तर अपाय नाही ना?"

डॉक्टरांनी तात्यांकडे थोडा वेळ बघितलं आणि एक सिरप लिहून दिलं. पातळ औषध असेल तर बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने थोडं थोडं सोडायचं, मान वर करून थेट घशात ओतायचं नाही, नाहीतर फुप्फुसात जातं, हेही समजावलं. त्याची वेळ आली नाही. सिरप गोड आहे. ब्रूनो बाटली बघितली की येऊन बसतो, चमचा चाटतो आणि दुसरा चमचा मागतो. कोणाला फोन करायची काही गरज नाही. तरी रोज सकाळी साडेसातला फोन लागतो, आणि वहीत माध्यमाच्या रकान्यात 'चिरंजीव' असंच लिहिलेलं आहे. तात्यांच्या आयुष्यातली ही पहिली खोटी नोंद. आक्षेप घ्यायचा तर तो काकूंनी घ्यायला हवा, आणि त्या साडेसातला स्वैपाकघरातून खुर्ची ओढून फोनसमोर येऊन बसतात.

तेव्हा त्या बाजूला गेलात तर सकाळी साडेसात ते आठ जाऊ नका, फोन चालू असतो. आठनंतर खुशाल जा. चहा मिळेल, वही बघायला मिळेल, तुमच्या घरी कुत्रा असेल तर सल्लाही मिळेल. जाताना ब्रूनोसाठी बिस्किटं मात्र नेऊ नका. तो चौतीस किलोंच्या वर गेला आहे, आणि यापुढे वजन वाढलं तर टॉनिक बंद करीन अशी डॉक्टरांनी तात्यांना लेखी ताकीद दिली आहे.